लुआरकाठचे बेचाळीस दिवस

वसईच्या गिरीजमध्ये शंकर राऊतची वाडी आणि माझी वाडी एकमेकींना लागून होती. मी एरॉल तुस्कानो. आमच्या दोघांच्या मध्ये कुंपण कधीच नव्हतं. होतं ते एक बावखल. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं, आणि त्याच्या जोरावर आजूबाजूच्या विहिरी मे महिन्यातसुद्धा गोड राहायच्या. शंकरच्या आणि माझ्या पणजोबांनी ते मिळून खणलं होतं. कागदावर मात्र ते सगळं माझ्या सर्व्हे नंबरात होतं. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. चार पिढ्यांत त्यावरून एक शब्द झाला नाही.

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. नववीत असताना त्याचे वडील गेले आणि तो बाकावरून उठला तो थेट वाडीत गेला. तेव्हापासून पन्नास वर्षं तो तिथेच होता. केळी, नारळ, अळू, सगळं लावायचा, पण त्याचा जीव पानवेलीत. पानवेल म्हणजे बाळंतिणीसारखी. जास्त ऊन नको, जास्त वारा नको, पाणी हवं पण साचलेलं नको. शंकर कधी चपला घालून वेलींत शिरला नाही. कोणी पाहुणा शिरू लागला तर तो काही बोलायचा नाही, नुसता त्याच्या पायांकडे बघत उभा राहायचा. पाहुण्याला कळायचं.

पाच-सहा वर्षांपूर्वी पाणी बिघडायला लागलं. आसपास इमारती आल्या, बोअरवेल आल्या, टँकर रात्रंदिवस पाणी उपसू लागले, आणि गोडं पाणी गेलं तिथे खाडीचं शिरलं. आधी चहा फाटायला लागला. मग डाळ शिजेना. मग वेलीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, कोणी काडी लावल्यासारख्या. माझी विहीर आधी गेली. मी पंप काढून ठेवला आणि कोकणातून आलेली केळी विकायला लागलो. शंकर हटला नाही. रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी तो एक बादली शेंदायचा, बोट बुडवून जिभेवर ठेवायचा आणि माझ्याकडे बघून सांगायचा, "आज बरी हाय." बरी नसली की काहीच बोलायचा नाही.

त्याचा एकुलता मुलगा केयूर इंजिनियर झाला आणि फ्रान्सला गेला. तिथे लुआर नावाच्या मोठ्या नदीच्या काठी तूर म्हणून शहर आहे, तिथल्या एका कंपनीत लागला. लग्नही झालं, सून क्षितिजा तिथेच नोकरी करते. आठ वर्षं तो आईवडिलांना बोलावत होता. "बाबा, आमच्याकडे नदीच्या काठाने राजांचे वाडे आहेत, किल्ले आहेत, एक झाला की दुसरा. चालायला पायवाटा आहेत. एकदा या." शंकरचं उत्तर ठरलेलं. "वेलींना पानी कोन घालनार?"

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अर्ध्या वेली मेल्या. त्या दिवशी शंकरची बायको, चंद्रकांतावहिनी, माझ्या ओट्यावर आल्या, शंकर सोबत होताच. वहिनी शांत बाई, पण त्या दिवशी माझ्यादेखत त्याला म्हणाल्या, "आता वेली अर्ध्याच राहिल्यात. माझे गुडघे आहेत तोवर मला लेकाचं घर दाखवा."

मी म्हणालो, "जा रे. पाणी मी घालतो."

तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. ते नंतर आलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. बेचाळीस दिवस राहिले. तिकडची हकिगत मला बरीचशी वहिनींनी सांगितली, थोडी केयूरने, आणि फोटो तर रोज मोबाइलवर यायचे. शंकरने स्वतः मला काही सांगितलं नाही. तो भाग पुढे येईल.

तूरला केयूरचं घर नदीपासून दहा मिनिटांवर. शंकर पहाटे चारला उठायचा, सवयच ती. वहिनी म्हणतात, पहिले तीन दिवस तो खिडकीत बसून उजाडायची वाट बघायचा आणि मग एकटाच नदीवर जायचा. लुआर रुंद आहे पण मे महिन्यात उथळ. मधे मधे वाळूची बेटं उघडी पडतात, त्यांवर पांढरे पक्षी अंडी घालतात. चौथ्या दिवशी केयूर त्याच्यासोबत गेला, तेव्हा शंकर पुलावर थांबला. वाळू उपसून उपसून आमच्या वैतरणा नदीचं काय झालं ते त्याने पाहिलेलं, त्यामुळे त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

"हितली वाळू कोन काढत नाय?"

"बंदी आहे, बाबा."

"बंदी आपल्याकडं पन हाय."

"इथे पाळतात," केयूर म्हणाला.

शंकर बराच वेळ त्या वाळूकडे बघत राहिला. मग घरी आला आणि वहिनींना म्हणाला, "चल, तुला दाखवतो, नदीत वाळू हाय." वहिनी हसल्या. नदीत वाळू नसणार तर काय असणार? पण त्या गेल्या.

रविवारी केयूर त्यांना शाँबोरला घेऊन गेला. दाट रान, सरळ रस्ता, आणि रान संपल्यावर एकदम तो वाडा. वहिनी सांगत होत्या, "एरॉलभाऊ, छपरावर दुसरं गाव वसवलंय असं वाटतं. इतक्या चिमण्या, इतके मनोरे." त्या वाड्याच्या मधोमध एक गोल जिना आहे. खरं तर दोन जिने एकमेकांभोवती फिरवलेले. एकावरून एक माणूस चढला आणि दुसऱ्यावरून दुसरा, तर दोघांची गाठ पडत नाही, मधल्या खिडक्यांतून मात्र दिसतात. क्षितिजाने गंमत म्हणून वहिनींना एका बाजूने पाठवलं आणि शंकरला दुसऱ्या. वहिनी नऊवारीवर स्वेटर आणि पायात पांढरे बूट घालून चढताहेत, आणि खिडकीतून शंकर त्यांना हाका मारतोय, "अगं, मी हितं हाय!" त्याचा व्हिडिओ क्षितिजाने मला पाठवला. पन्नास वर्षांत मी शंकरला इतकं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. मर्लिनने, माझ्या बायकोने, तो तीनदा लावून पाहिला.

वर गेल्यावर मोठमोठ्या खोल्या लागल्या. पुष्कळशा मोकळ्याच. भिंतीत माणूस उभा राहील एवढ्या शेगड्या.

"कोन राहायचं?" शंकरने विचारलं.

"राजाने शिकारीसाठी बांधला. पण तो स्वतः इथे उभ्या आयुष्यात फार तर दोन-अडीच महिने राहिला असेल."

"मग बांधला कशाला?"

"दाखवायला," केयूर म्हणाला. "मी आहे, असं सगळ्यांना दिसायला."

शंकर भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "आपल्या वसईच्या किल्ल्याला छप्पर पन नाय ऱ्हायलं." एवढंच. केयूरला वाटलं, बाबांना आवडलं नाही. वहिनींना वाटलं, ते दमलेत. दोघांचंही खरं नसावं. परतीच्या वाटेवर शंकरने रानातल्या पायवाटेने गाडीपर्यंत चालत जाऊ या म्हटलं आणि सगळ्यांच्या पुढे चालला.

त्यानंतर दर सुट्टीला एक वाडा. नदीवर पुलासारखा बांधलेला एक, तळ्याच्या मधोमध उभा असलेला एक. वहिनींचे गुडघे तिकडच्या हवेत बरे झाले होते. त्या नावं पाठ करायच्या आणि मला फोनवर चुकीची सांगायच्या. शंकर सगळीकडे जायचा, सगळं बघायचा, पण परत येताना दर वेळी एकच गोष्ट विचारायचा. "एरॉलला फोन लाव."

मग आम्ही बोलायचो. वेली कशा आहेत, पाणी कसं आहे. मी सांगायचो, जसं असेल तसं.

मेच्या चौथ्या आठवड्यात ते विलांद्रीला गेले. तिथल्या वाड्यापेक्षा त्याची बाग मोठी. वरच्या गच्चीतून बघितलं तर खाली भाजीचे नऊ चौक, रांगोळी काढल्यासारखे. जांभळा कोबी, हिरवा कोबी, लाल देठाची पालेभाजी, कांद्यासारखी निळसर पात, आणि भोवती गुडघाभर उंचीचं कापलेलं कुंपण. शंकर गच्चीवर थांबला आणि कोणी काही म्हणायच्या आत जिना उतरला. केयूर मागून पोचला तर बाबा बागेच्या तोंडाशी वाकून बूट काढताहेत.

"बाबा, इथे बूट काढायची गरज नाही."

"ऱ्हाऊ दे."

बूट हातात धरून तो अनवाणी त्या रेतीच्या वाटेवर चालला. लोक बघत होते. केयूरने मला नंतर सांगितलं, "अंकल, मला लाज वाटली. खरंच वाटली. आता त्या लाजेची लाज वाटते."

एका चौकात पन्नाशीची एक बाई गुडघे टेकून निंदणी करत होती. तिने आधी शंकरचे पाय पाहिले, मग त्याचे हात. हात बघून ती उठली. केयूरमार्फत बोलणं झालं. तुम्ही काय लावता, तिने विचारलं. शंकरने मोबाइलमधला पानवेलीचा फोटो दाखवला. तिने ते पान कधी पाहिलं नव्हतं. याची भाजी करतात का? नाही, खातात, जेवणानंतर. देवाला ठेवतात. लग्नाला लागतं. ती फोटो मोठा करून करून बघत राहिली.

मग शंकरने विचारलं, "ह्या भाजीचं काय करतात? बाजारात जाते?"

बाई हसली. "लोक बघायला येतात. तेच आमचं पीक."

"आनि पानी?"

ती त्यांना वरच्या अंगाला घेऊन गेली. तिथे एक मोठा हौद आहे, तळंच म्हणा, कडेने हिरवळ. तिथून पाणी खाली बागेत जातं. शंकर काठाशी उकिडवा बसला, बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"बाबा! काय करताय?"

"गोड हाय," शंकर म्हणाला. केयूरला नाही, वहिनींना. "अगदी गोड हाय गं."

बाईने विचारलं की हे काय. केयूरला सांगावं लागलं, आमच्या गावी विहिरी खारट होताहेत, वडील रोज चाखून बघतात. तिने शंकरच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या कामाला परत गेली.

शंकर तिथल्या बाकावर तासभर बसला. वहिनी शेजारी. तो ओठातल्या ओठात काहीतरी मोजत होता. वहिनींनी विचारलं तर म्हणाला, "नऊ मानसं हायत कामाला. मी आल्यापास्नं नऊ मोजली." आणि थोड्या वेळाने, "वाडी एकट्याच्या जिवावर नाय जगत."

त्याच आठवड्यात इकडे मी काय केलं ते आता सांगतो.

माझा धाकटा भाऊ केनी कॅनडात आहे. त्याचा माझ्या वाडीत निम्मा वाटा. दोन वर्षं तो विकायचं म्हणत होता आणि मी टाळत होतो. मेमध्ये तो स्वतः आला, बिल्डरला घेऊनच माझ्या घरी बसला. "एरॉल, काय राहिलंय इथे? खारी विहीर आणि तू." खोटं काय होतं त्यात? माझी दोन्ही मुलं दुसरीकडे. मर्लिन म्हणाली, तुम्हाला हवं ते करा. राहतं घर सोडून बाकी वाडीवर मी सही केली. बावखल माझ्या सर्व्हे नंबरात होतं, ते सहीबरोबर गेलं. मी एवढंच म्हटलं होतं, बावखलाचं पावसाळ्यानंतर बघा. बिल्डरचा माणूस म्हणाला, हो हो, काका.

मंगळवारी सकाळी डंपर आले. मुरमाची माती. गुरुवार दुपारपर्यंत बावखल भरलं. पाणी वर वर येत गेलं, मग चिखल, मग मासे. लोकांनी टोपल्या भरभरून मासे नेले. मी ओट्यावर उभा राहून बघत होतो. थांबवता आलं असतं का? कदाचित एक दिवस. शंकरला फोन करता आला असता, तो मात्र नक्की. केला नाही.

शुक्रवारी त्याचाच आला. विलांद्रीहून परत आल्यावर केला होता.

"एरॉल, पानी कसं हाय?"

"ठीक आहे."

"चाखून बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणालो.

मी बघितलं नव्हतं. तीन दिवस मी त्याच्या विहिरीकडे गेलोच नव्हतो. तो मला त्या बाईबद्दल, त्या हौदाबद्दल सांगायला लागला, आणि मी म्हटलं, मर्लिन हाक मारते आहे, नंतर बोलू.

जूनच्या पहिल्या रविवारी केयूर त्यांना दूरच्या एका गावी घेऊन गेला. माँसोरो. तिथला वाडा अगदी नदीच्या काठावर, पांढऱ्या दगडाचा. गावातली कित्येक घरंसुद्धा त्याच पांढऱ्या दगडाच्या डोंगरात कोरलेली, दार आणि खिडकी तेवढी बाहेर. वाडा बघून झाल्यावर पायवाटेने शेजारच्या काँद गावी जायचं आणि वर टेकडीवर चढायचं. तिथून दोन नद्यांचा संगम दिसतो. विएन नावाची नदी येऊन लुआरला मिळते, आणि दोन्हींची पाणी बराच वेळ वेगवेगळी वाहतात. वहिनींनी घरून पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती. टेकडीवर कठड्याशी बसून चौघं जेवले. क्षितिजा वहिनींना घेऊन थोडी पुढे गेली. तिला ठाऊक होतं केयूर काय बोलणार आहे.

"बाबा, वाडीचं काय ठरवलंय?"

"काय ठरवायचं? पावसाळा गेला की नव्या वेली लावायच्या. आगाशीहून कांड्या आनतो."

"आणि तुमच्यानंतर?"

शंकरने त्याच्याकडे बघितलं.

"मी परत येणार नाही, बाबा. मी खोटं सांगत नाही तुम्हाला. आठ वर्षं 'बघू' म्हणत आलो. ते 'बघू' खरं नव्हतं."

"बरं."

"वाडी विका. जवळपास चांगला फ्लॅट घ्या. आईचे गुडघे..."

"आनि आमी हितंच आलो तर? तुज्याकडं?"

हे केयूरने अपेक्षिलं नव्हतं. वहिनींनी तर नाहीच. त्या वीस पावलांवर होत्या, त्यांना ऐकू आलं. केयूर म्हणाला, "पाहुणे म्हणून तीन महिने राहता येतं. कायमचं जमणं फार कठीण आहे. मी चौकशी केली होती. दोनदा."

"म्हंजे तू तिकडं नाय, आमी हिकडं नाय."

केयूर रडायला लागला. छत्तीस वर्षांचा माणूस. शंकरने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पोळीचा डबा बंद केला आणि म्हणाला, "चल, उतरू. तुझी आई उन्हात उभी हाय."

उतरताना वाट दगडांची होती. शंकर वहिनींचा हात धरून हळूहळू उतरला. खालच्या देवळाशी, म्हणजे त्या गावच्या चर्चशी, तो थोडा टेकला. वहिनी म्हणतात, तिथे त्याने त्यांना विचारलं, "तुला हितं आवडलं का?" त्या हो म्हणाल्या. "मग बरं झालं आलो ते," तो म्हणाला. त्या बेचाळीस दिवसांबद्दल तो यापेक्षा जास्त कधी बोलला नाही, त्यांच्याशीसुद्धा नाही.

चौदा जूनला ते परत आले. टॅक्सी घराशी थांबली, सामान उतरवायच्या आधी शंकर वाडीकडे वळला. मी ओट्यावर होतो. लपून बसावं असं वाटलं होतं, पण बसलो नाही, तेवढंच. माझ्या बाजूची सगळी जमीन छातीएवढ्या मुरमाखाली गेली होती. बावखल कुठे होतं ते मलाही नेमकं दाखवता आलं नसतं. शंकर त्या मातीच्या कडेशी उभा राहिला. त्याची वाडी आता खड्ड्यात होती.

"कधी?" त्याने विचारलं.

"मेच्या चौथ्या आठवड्यात."

"मी फोन केला तवा?"

"झालं होतं."

त्याने मान हलवली. काही बोलला असता, शिवी दिली असती, तर मला उभं राहायला जागा मिळाली असती. तो वळून विहिरीकडे गेला. मी मागे गेलो नाही.

वहिनी सामानाजवळ उभ्या होत्या. त्यांनी बॅग उघडली, कपड्यांखालून एक पत्र्याचा डबा काढला. बिस्किटांचा, झाकणावर कुठल्याशा वाड्याचं चित्र. "हे तुमच्यासाठी आणलं होतं. मर्लिनला द्या," त्या म्हणाल्या. माझ्या हातात डबा ठेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

जुलैत पाऊस लागला तेव्हा व्हायचं ते झालं. पूर्वी वसईत पाणी भरलं तरी दोन दिवसांत उतरायचं. आता सगळीकडे भराव, वाट कुठे? शंकरच्या वाडीत नऊ दिवस पाणी. त्यात एक दिवस मोठी भरती आली आणि खाडीचं पाणी मिसळलं. घरात पलंगाच्या पाट्यांपर्यंत. मी आणि मर्लिनने त्यांना आमच्याकडे या म्हटलं. वहिनी येतो म्हणाल्या. शंकर म्हणाला, "नको." ते माळ्यावर राहिले. केळी आडवी झाली आणि कुजली. उरलेल्या वेली तर पहिल्या चार दिवसांतच गेल्या. पाणी उतरल्यावर वहिनींना ताप आला, त्या अकरा दिवस दवाखान्यात होत्या. वाचल्या, पण नंतर त्या पूर्वीसारखं चालू शकल्या नाहीत.

दिवाळीआधी शंकरने खरंच आगाशीहून कांड्या आणल्या आणि लावल्या. एकटाच. मी दुरून बघायचो. डिसेंबरात फूट आली, हिरवी, चांगली. मला आशा वाटली, खोटं कशाला बोलू? जानेवारी संपायच्या आत पानांच्या कडा काळ्या पडल्या. एका सकाळी मी पाहिलं, शंकर एकेक वेल मांडवावरून सोडवून जमिनीवर ठेवतोय. तोडत नव्हता, ओरबाडत नव्हता. गाठ सोडायची, वेल हलकेच खाली ठेवायची. दुपारपर्यंत त्याचं ते चाललं होतं.

केयूर दहा दिवसांसाठी आला. त्याच बिल्डरने शंकरचीही वाडी घेतली. दुसरं कोण घेणार? विरार पूर्वेला फुलपाड्यात त्यांच्यासाठी फ्लॅट बघितला. निघायच्या आदल्या दिवशी केयूर माझ्याकडे आला, बसला, तिकडचं त्याच्या बाजूचं मला तेव्हाच सांगितलं. जाताना म्हणाला, "अंकल, तुमच्यावर राग नाही. तुम्ही नाही तर दुसऱ्या कोणी केलंच असतं." मर्लिनला ते ऐकून बरं वाटलं. मला नाही.

ते निघाले त्या दिवशी टेम्पोत कपाट, पलंग, भांडी, देव्हारा गेला. शंकरच्या राजेळी केळीचे चार मुनवे, बुंध्याशी फुटलेली रोपं, पुरातून वाचले होते, मी ते पोत्यात भरून ठेवले होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्याशी बोललो.

"हे घेऊन जा. कुठेतरी लावता येतील."

"कुठं?" तो म्हणाला. "गॅलरीत?"

तो चिडून नव्हता बोलला. खरंच विचारत होता, कुठे म्हणून. टेम्पो निघाला.

मार्चमध्ये मी फुलपाड्याला गेलो. मर्लिन म्हणाली होती, जाऊ नका. तरी गेलो. गल्लीला गल्ली लागून, इमारतीला इमारत लागून, नाव विचारत विचारत पोचलो. चौथा मजला. वहिनींनी दार उघडलं. मला बघून त्यांना आनंद झाला, तो खरा होता असं मला वाटतं. खोली स्वच्छ होती. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी.

"झोपलेत," त्या म्हणाल्या.

सकाळचे अकरा वाजले होते.

"बरं नाही का?"

"डॉक्टर म्हणाले, काही नाही. सकाळी उठतात, चहा घेतात, परत आडवे होतात. जेवायला उठवलं की उठतात. दिवसा झोपलेला माणूस मी माझ्या संसारात कधी पाहिला नव्हता, एरॉलभाऊ. आता रोज बघते."

त्यांनी चहा केला. केयूर मेमध्ये पुन्हा बोलावतो आहे, म्हणाल्या. या वेळी वेगळे वाडे दाखवीन, जास्त चालायला लावणार नाही, असं म्हणतो. "मी ह्यांना विचारलं. तू जा, म्हणाले. मी एकटी कशी जाणार?"

आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. मी गिरीजच्या चार गोष्टी सांगितल्या. पायाभरणी झाली, हे नाही सांगितलं. आमच्या चर्चच्या फेस्टाचं, म्हणजे सणाचं, सांगितलं, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं ते सांगितलं. थोडं मोठ्याने बोलत होतो, ते माझ्या लक्षात आलं. मधेच आतून खोकल्याचा आवाज आला. झोपेतल्या माणसाचा नव्हता तो. जागा माणूस घसा साफ करतो तसा. मग एकदम शांत.

वहिनींनीही ऐकलं. त्यांनी माझ्या रिकाम्या कपाकडे बघितलं.

"अजून थोडा घ्याल?"

"नको," मी म्हणालो. "निघतो."

त्या दारापर्यंत आल्या. पुन्हा या, म्हणाल्या. हो म्हणालो. लिफ्ट बंद होती, मी जिन्याने उतरलो, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा वर त्यांचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.